तीनदा जळला, तीनदा उभा राहिला
इंदूरच्या राजवाड्याच्या निमित्ताने आगीचा, पाण्याचा आणि पुनर्बांधणीचा थोडा इतिहास

इंदूरला नवा पाहुणा आला की आपण त्याला सराफ्यात खाऊ घालतो, पण त्याआधी राजवाडा दाखवतो. समोरच्या बागेतल्या देवी अहिल्याबाईंच्या पुतळ्याला नमस्कार करून आपण मान वर करतो आणि अभिमानाने सांगतो, "सात मजले. खालचे तीन दगडाचे, वरचे लाकडाचे. सुभेदार मल्हारराव होळकरांनी बांधला." पाहुणा फोटो काढतो. आत गेल्यावर मागचा चौक, त्याच्या भोवतीच्या कमानी पाहतो आणि एखादा चौकस असला तर विचारतो, "हे एवढं जुनं दिसत नाही हो?"

प्रश्न बरोबर असतो. पुढचा दर्शनी भाग जुना आहे; मागचा भाग एकविसाव्या शतकात पुन्हा बांधलेला आहे. हा वाडा आजवर तीनदा जळला आहे: १८०१, १९०८ आणि १९८४. आपल्यापैकी ज्यांची पाच-सात पिढ्यांची घरे इंदुरात आहेत, त्यांच्या घरातल्या कुणी ना कुणी यातली एखादी आग डोळ्यांनी पाहिली आहे. तरीही आपण पाहुण्यांना वाडा कुणी बांधला ते सांगतो. तो कुणी पुन्हा बांधला, कसा बांधला आणि मधली वर्षे तो कसा पडून होता, हे सांगत नाही. यंदाच्या स्मरणिकेत तेवढीच बाजू मांडायची आहे.

वाडा कशाचा होता

राजवाड्याच्या बांधकामाची सुरुवात १७४७ ची मानली जाते. माळव्यात मराठ्यांचा अंमल नुकता स्थिरावत होता. मल्हारराव मूळचे नीरेकाठच्या होळ गावचे, जेजुरीच्या खंडोबाचे भक्त. वाड्यात मल्हारी मार्तंडाचे देवस्थान आले ते तिथूनच. त्यामुळे वाड्याची घडण माळव्याची असली तरी मांडणी ओळखीची वाटते: भव्य दरवाजा, मधे मोकळा चौक, चौकाभोवती खणाखणांच्या ओवऱ्या, वर कडीपाट, सज्जे आणि झरोके. पुण्या-साताऱ्याकडच्या वाड्याची ही थोर आवृत्तीच म्हणा.

अशा वाड्याचे सामर्थ्य आणि दुबळेपण एकाच गोष्टीत असते, ते म्हणजे लाकूड. खालचा दगड भार घेतो, पण वरचा सगळा पसारा खांब, तुळया, कड्या आणि तक्तपोशीवर उभा असतो. सागवान वर्षानुवर्षे टिकते. ते वाकते, पण सहसा दगा देत नाही. मात्र मजल्यावर मजले लाकडाचे असले, मधून लाकडी जिने गेलेले असले आणि वर मोकळे पोटमाळे असले, की एका कोपऱ्यातली ठिणगी जिन्याच्या वाटेने वर चढते. उभा जिना हेच आगीचे धुराडे होते. मराठी राज्यातले कितीतरी वाडे असेच गेले, आणि राजवाडाही त्याला अपवाद नव्हता.

पहिली आग: आपल्याच माणसांची

पहिली आग अपघाताने लागली नाही आणि परक्यांनीही लावली नाही. १८०१ च्या जुलैमध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि उज्जैन लुटले. त्याचा सूड म्हणून ऑक्टोबरात शिंद्यांची फौज इंदूरवर आली. दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे हे या स्वारीतले प्रमुख नाव. इंदूर लुटले गेले, जाळले गेले आणि राजवाड्याचा मोठा भाग त्यात जळाला. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १८०२ ला, यशवंतरावांनी पुण्याजवळ हडपसर येथे पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्रित सैन्याला हरवले, आणि तिथून वसईच्या तहाकडे जाणारी घसरगुंडी सुरू झाली.

आज इंदूर आणि ग्वाल्हेरच्या मराठी मंडळांचे संबंध सोयरिकीचे आहेत. मुली तिकडे दिल्या आहेत, सुना तिकडून आल्या आहेत. म्हणूनच हे पान लपवून ठेवण्याचे कारण नाही. मराठी माणसाने बांधलेले मराठी माणसानेच जाळले, आणि त्या भांडणाची किंमत दोन्ही घरांनी मोजली.

वाडा लगेच उभा राहिला नाही. यशवंतरावांची उरलेली वर्षे मोहिमांत गेली. १८११ साली ते वारले. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरची लढाई झाली, ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. अहिल्याबाईंच्या काळात राजधानीचा मान महेश्वरकडे होता. इंदूर हे तोवर पेठेचे आणि छावणीचे गाव होते. आता राजधानी म्हटली की राजाला बसायला जागा हवी. दुसरे मल्हारराव लहान होते. कारभार दिवाण तात्या जोग यांच्या हाती होता. त्यांचे मूळ नाव विठ्ठल महादेव किबे. पुढे सरदार किबे म्हणून ओळखले गेलेले घराणे ते हेच. त्यांच्या कारभारात जळालेल्या भागाची पुनर्बांधणी झाली.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वाडा जळल्यामुळे तो पुन्हा बांधला गेला नाही. त्याची गरज निर्माण झाली तेव्हा बांधला गेला. मधल्या काळात तो अर्धवट पडून राहिला. या लेखात पुढे हाच मुद्दा पुन्हा पुन्हा येणार आहे.

दुसरी आणि तिसरी

दुसरी आग १९०८ ची. तेव्हा होळकर संस्थान नांदते होते; खजिना, बांधकाम खाते, सुतार, गवंडी सगळे हाताशी होते. वाडा वापरात राहिला. दरबार, सण, धार्मिक समारंभ चालू राहिले. घरात माणसे राहत असली की छप्पर फार दिवस उघडे राहत नाही, हा साधा नियम राजवाड्यालाही लागू पडला.

तिसरी आग १९८४ ची. ३१ ऑक्टोबरला पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या झाली आणि त्यानंतर देशात अनेक ठिकाणी शीख बांधवांविरुद्ध दंगली उसळल्या. इंदूरही त्यातून सुटले नाही. त्या दिवसांत ज्यांची माणसे गेली, घरे आणि दुकाने गेली, त्यांच्या दुःखापुढे एका वाड्याचे जळणे लहानच आहे, आणि तो क्रम आपण कधी उलटा करू नये. पण त्याच वणव्यात राजवाड्याचा मागचा भाग भस्मसात झाला, हेही खरे. दर्शनी सात मजले उभे राहिले आणि त्यांच्या पाठीशी केवळ काळवंडलेल्या भिंती उरल्या.

या वेळी राज्य नव्हते. संस्थाने विलीन होऊन तीन तपे उलटली होती. वाड्यात दरबार भरत नव्हता. तो एक जुनी वास्तू म्हणून उभा होता, आणि जुन्या वास्तूच्या मागच्या अंगणात काय पडले आहे याची कुणाला रोजची चिंता नसते. जळालेल्या जागेवर बाग झाली. आज चाळिशीत असलेल्या आपल्या मुलांना लहानपणीचा राजवाडा आठवतो तो असाच: पुढून भव्य, आत शिरल्यावर आभाळ.

आग एका रात्रीची, पाणी वीस वर्षांचे

आगीत इमारत नष्ट होते असे आपण सहज म्हणतो. जुन्या वास्तूंवर काम करणारे गवंडी-सुतार तसे म्हणत नाहीत. आग काय नेते आणि काय ठेवते ते पाहिले, तर जळालेला वाडा वाटतो त्यापेक्षा बराच शिल्लक असतो.

जाड सागवानी तुळई पेटली तर तिच्यावर कोळशाचा थर चढतो आणि तोच थर आतल्या लाकडाला काही काळ सांभाळतो. अशी तुळई तासाला साधारण तीन-चार सेंटिमीटर या वेगाने आत जळत जाते. म्हणजे फूटभर रुंदीची तुळई बाहेरून काळीठिक्कर दिसली तरी आत पुष्कळदा धड असते. पातळ फळ्या, कोरीव महिरपी, जाळ्या आणि छताची तक्तपोशी मात्र वाचत नाही. म्हणून आगीनंतर वाड्याचा सांगाडा राहतो आणि त्याचा चेहरा जातो. लोखंडी तुळयांचे उलटे असते. लोखंड जळत नाही, पण साडेपाचशे-सहाशे अंशांच्या आसपास त्याची निम्मी ताकद जाते. ते वाकते आणि वाकताना भिंतीला ढकलते.

दगडालाही वाटते तेवढे अभय नसते. तापलेल्या काळ्या दगडावर बंबाचे गार पाणी पडले की त्याचे पापुद्रे सुटतात, कोपरे उडतात. दगडांना जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या तापून फुगतात आणि सांधा फोडतात. चुन्याचा गिलावा भाजून भुसभुशीत होतो. आग विझवायला टाकलेले पाणी शेकडो वर्षांच्या कोरड्या भिंतीत आणि मजल्यांच्या भरावात मुरते, त्यामुळे वरच्या मजल्यांचा बोजा एकदम वाढतो. पुष्कळ भिंती आग विझल्यानंतर दोन-चार दिवसांनी कोसळतात त्या यामुळे.

पण इथपर्यंतचे नुकसान मर्यादित असते. खरे काम करतो तो पुढचा पावसाळा. छप्पर गेलेले असते. भिंतीचा माथा उघडा पडतो आणि पाणी माथ्यातून आत उतरते. जुन्या भिंती दुपाखी असतात: बाहेरून दगड वा विटांचे दोन थर आणि मधे दगडगोट्यांची, मातीचुन्याची भर. पाणी त्या भरीतली माती धुऊन नेते, भिंत मधून पोकळ होते आणि पोट काढते. वाचलेल्या तुळयांची टोके भिंतीतल्या ओलीने कुजतात. ज्या लाकडाला आगीने सोडले ते वाळवीला मिळते. चार पावसाळे गेले की पिंपळ रुजतो आणि त्याची मुळे सांध्यात शिरली की दगड हलू लागतात.

१९८४ ते २००६ म्हणजे बावीस पावसाळे. राजवाड्याच्या मागच्या भागाचे नुकसान मोजायचे असेल तर आगीच्या रात्रीबरोबर या बावीस पावसाळ्यांचाही हिशेब मांडावा लागतो. आगीला दोष देणे सोपे असते, कारण ती दिसते. पावसात उघडे सोडल्याचा दोष कुणा एकाचा नसतो आणि म्हणून तो कुणी घेत नाही.

पुण्याचे दोन वाडे

याच मुद्द्यासाठी थोडे पुण्याकडे जाऊ. शनिवारवाडा आणि विश्रामबागवाडा हे दोन्ही पेशव्यांचे आणि दोन्ही आगीत सापडलेले. त्यांचे पुढे झाले मात्र अगदी वेगळे.

शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ साली थोरल्या बाजीरावांनी केली. पेशवाईच्या काळातही त्यातले भाग अधूनमधून जळाले, पण राहते घर होते, त्यामुळे ते पुन्हा उभे राहत गेले. १८१८ मध्ये पेशवाई संपली. दुसरे बाजीराव बिठूरला गेले आणि वाडा कंपनी सरकारच्या ताब्यात आला. १८२८ च्या फेब्रुवारीत आग लागली ती काही दिवस धुमसत राहिली. आता तो वाडा कुणाचे घर नव्हता. पुन्हा बांधण्याचे कारण कुणाला वाटले नाही. आज आपण दिल्ली दरवाजा, तटबंदी, जोती आणि कारंजी पाहतो. वरचे मजले कसे होते हे वर्णनांवरून आणि अंदाजाने सांगावे लागते.

विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावांनी १८०७ च्या सुमारास बांधायला घेतला. पेशवाई गेल्यावर १८२१ साली तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. डेक्कन कॉलेजचे मूळ तेच. वाड्यात विद्यार्थी होते, कचेऱ्या होत्या. मे १८७९ मध्ये एका रात्री पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा या दोन्हींना आगी लागल्या. बुधवारवाडा संपला. विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडचा भाग जळाला, पण तो लोकांच्या वापरातला होता म्हणून पुढे नगरपालिकेच्या आणि लोकांच्या पैशाने पुन्हा बांधला गेला. त्याची सुरूच्या आकाराच्या खांबांची देखणी माडी आपण आज पाहू शकतो ती त्यामुळे.

आग दोन्हीकडे होती, लाकूडही दोन्हीकडे सारखेच. फरक एवढाच की एका वाड्यात आगीच्या दुसऱ्या दिवशी कुणाचे तरी काम अडले, दुसऱ्यात कुणाचेच अडले नाही. ज्या वास्तूवाचून कुणाचे अडते तीच वाचते.

तिसऱ्यांदा उभा

आता परत इंदूरला येऊ. १९८४ नंतरचा राजवाडा शनिवारवाड्याच्या वाटेने चालला होता. ती वाट बदलली २००६ मध्ये. होळकर घराण्यातल्या उषाराजे होळकर यांनी मागच्या भागाच्या पुनर्बांधणीचा पुढाकार घेतला आणि २००७ मध्ये तो भाग उभा राहिला.

काम हाती घेताना मोठा प्रश्न होता तो साहित्याचा आणि पद्धतीचा. सिमेंट-काँक्रीटचा सांगाडा उभारून वरून जुन्यासारखी सजावट चिकटवणे सोपे होते, स्वस्त होते, लवकर झाले असते. ते केले नाही. दगड, वीट, लाकूड आणि चुना याच साहित्यात, जुन्याच पद्धतीने आणि जुन्याच शैलीत बांधायचे ठरले. आगीत नष्ट झालेली ऐतिहासिक वास्तू मूळच्याच साहित्यात आणि मूळच्याच पद्धतीने उभारल्याचे आपल्या देशातले हे पहिले मोठे उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख होतो.

हा हट्ट भावनेचा वाटेल, पण त्याला व्यवहाराची भक्कम बाजू आहे. जुनी भिंत श्वास घेते, असे गवंडी म्हणतात. चुन्याच्या दर्जांतून आणि गिलाव्यातून आतली ओल हळूहळू बाहेर पडते. त्याच भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते, सिमेंटमधले क्षार विटेत उतरतात आणि काही वर्षांत गिलावा तसाच राहून आतली वीटच भुगा होते. शिवाय सिमेंट ताठ असते. जुनी वास्तू उन्हा-पावसात किंचित हलते, चुना त्या हालचालीला सामावून घेतो. सिमेंट तडकते किंवा शेजारच्या दगडाला तडकवते. चुन्यातले बारीक तडे पावसाच्या पाण्याने पुन्हा थोडे भरून येतात, हा त्याचा आणखी एक गुण.

मात्र चुन्याला वेळ लागतो. कळीचा चुना पाण्यात विरवून दिवसच्या दिवस मुरत ठेवावा लागतो, मग वाळू आणि विटेची भुकटी, म्हणजे सुरखी, घालून घाणीत मळावा लागतो. जुने कारागीर त्यात गूळ, बेलफळाचे पाणी, उडदाची डाळ, मेथी असे काय काय घालत. आपल्या आजोबांच्या काळात गल्लीच्या तोंडाशी चुन्याची घाणी फिरताना दिसे. आता घाणी दिसत नाही आणि मळणारा हातही सहज मिळत नाही. अशा एका वास्तूचे काम निघाले म्हणून चार गवंडी, चार सुतार पुन्हा त्या विद्येला लागतात, ही पुनर्बांधणीची न दिसणारी कमाई आहे. राजवाड्याच्या दर्शनी भागाचे आणि शेजारच्या, कृष्णाबाई होळकरांनी १८३२ मध्ये बांधलेल्या गोपाळ मंदिराचे गेल्या काही वर्षांत जे जतनकाम झाले, त्यातही चुना आणि लाकूड यांचाच आधार घेतला गेला.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो: "पण हा मल्हाररावांचा वाडा कुठे राहिला? हा तर २००७ चा." आमचे म्हणणे असे की १९८४ मध्ये जो जळाला, तो तरी संपूर्ण मल्हाररावांचा कुठे होता? त्यात तात्या जोगांच्या काळातली दुरुस्ती होती, १९०८ नंतरची डागडुजी होती. प्रत्येक पिढीने जळालेले काढून आपला तुकडा घातला होता. आपल्या काळाचा तुकडा २००७ चा. मात्र तो २००७ चा आहे हे आपण पाहुण्याला सांगितले पाहिजे. नव्याला जुने म्हणून खपवले की जुन्यालाही किंमत राहत नाही.

१९०८ चे दुसरे शहर

राजवाड्याच्या दुसऱ्या आगीच्याच वर्षी, १९०८ मध्ये, मराठी माणसांच्या दुसऱ्या एका जुन्या शहरावर पाणी आले. २८ सप्टेंबरला हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसे दगावली, पूल तुटले, नदीकाठचे मोहल्ले वाहून गेले. तिथल्या मराठी मंडळींची विवेकवर्धिनी शाळा सुरू होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते.

हैदराबादचे विशेष हे की पडलेले पुन्हा बांधून ते थांबले नाहीत. १९०९ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावून पुराच्या कारणाचा अभ्यास करवला. त्यांच्या सल्ल्याने शहराच्या वरच्या अंगाला दोन तलाव झाले: १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर. त्यांनी पुराला आवर घातला आणि शहराला पिण्याचे पाणीही दिले. पुनर्बांधणी म्हणजे पडलेली भिंत पुन्हा उभी करणे तर आहेच, पण ती का पडली ते शोधून काढणेही आहे, हे त्यांनी दाखवले.

याची दुसरी बाजू पुण्याने पाहिली. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि पाठोपाठ खडकवासल्याचेही. नदीकाठच्या पेठांतले शेकडो वाडे बसले. त्यातल्या पुष्कळांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या होत्या. अशी भिंत कोरडी असेपर्यंत दगडासारखी असते, पण पायथ्याशी काही तास पाणी उभे राहिले की ती विरघळते आणि वरचे सगळे लाकूड धड असूनही घर खाली येते. ते वाडे परत उभे राहिले नाहीत. त्यांच्या जागी इमारती आल्या. कित्येक घरांतली मोडी दप्तरे, वंशावळी आणि जुनी छायाचित्रे चिखलात गेली. तो वाडा होता कसा, हे सांगणारा कागदही वाड्याबरोबर गेला.

आपल्या हातात काय आहे

राजवाडा तिसऱ्यांदा उभा राहू शकला त्याचे एक कारण असे की त्याची छायाचित्रे होती, त्याच्या पुढच्या भागावरून मागच्याचा मेळ लावता येत होता आणि तो पाहिलेली माणसे हयात होती. आपल्या रामबागेतल्या, जुन्या इंदुरातल्या वाड्यांचे तसे नाही. तशीच आपल्या संस्थांची जुनी सभागृहे, वाचनालये, देवळे. ती एकदा गेली की गेली. म्हणून गणेशोत्सवाच्या निमित्ताने काही साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली, नोंद. प्रत्येक जुन्या वास्तूची मापे घ्यावीत: खोल्यांची, खांबांची, खिडक्यांची, मजल्यांच्या उंचीची. प्रत्येक भिंतीचे समोरून छायाचित्र काढावे. वहीत लिहून एक प्रत त्या वास्तूबाहेर ठेवावी. घरातच ठेवलेली नोंद घराबरोबर जळते.

दुसरी, वीज. लाकडी कडीपाटात चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या वायरी आहेत आणि त्यांवर आज वातानुकूलन यंत्रे चालतात. मंडपाची रोषणाईही आपण त्याच जोडणीवरून घेतो. दर काही वर्षांनी जाणकाराकडून तपासणी करवून घेणे हा खर्च नव्हे.

तिसरी, पन्हळ. वाड्याला सर्वांत मोठा धोका तुंबलेल्या पन्हळीचा आणि फुटलेल्या कौलाचा असतो. आगीची भीती सगळ्यांना वाटते, गळतीची कुणाला वाटत नाही. मृगाआधी एक माणूस वर चढवला तर एक तुळई वाचते.

चौथी, दुर्दैवाने आग किंवा पाणी आलेच, तर घाईने पाडू नये आणि आळसाने उघडेही ठेवू नये. आधी टेकू द्यावेत. पावसाळ्यापूर्वी वर पत्रा किंवा जाड प्लास्टिक घालावे. पडलेले कोरीव लाकूड, फरशा, दगड क्रमांक घालून बाजूला ठेवावेत, भंगारात देऊ नयेत. पाणी शिरलेली भिंत वाऱ्याने सावकाश वाळू द्यावी, तिच्यावर लगेच सिमेंट चढवू नये. भिजलेले कागद ओढून वेगळे करू नयेत, कडक उन्हात तर मुळीच ठेवू नयेत. टिपकागद घालून सावलीत, पंख्याखाली वाळवावेत.

आणि पाचवी, सर्वांत अवघड: वास्तू वापरात ठेवावी. बंद वाड्याला आधी कुलूप लागते, मग वाळवी आणि मग बिल्डर. ज्या सभागृहात महिन्यातून एक कार्यक्रम होतो तिथे गळती झाल्याचे दुसऱ्याच दिवशी कळते. राजवाड्यातही हेच दिसते. देवस्थान, सणसमारंभ, प्रदर्शने, समोरची सरकारी होळी, अनंत चतुर्दशीच्या रात्री समोरून जाणाऱ्या झाँकी, यांनी लोकांचा पाय तिकडे वळता ठेवला. तो पाय थांबला असता तर २००६ मध्ये पुन्हा बांधा म्हणायला कुणी उरले नसते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. राजर्षी शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून उभारलेले, १९१५ पासूनचे ते नाट्यगृह. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. दगडी भिंती राहिल्या, छप्पर आणि रंगमंच गेला. सकाळी कोल्हापूरचे कलावंत तिथे जमून रडत होते. त्याच दिवसांत नाट्यगृह पुन्हा बांधण्याची मागणी झाली आणि ते काम हाती घेतले गेले. इथे बावीस पावसाळे वाट पाहावी लागली नाही, कारण त्या वास्तूवाचून माणसांचे अडत होते.

आपण गावोगावची मराठी माणसे महाराष्ट्राबाहेर राहिलो ती काही वास्तूंच्या आधाराने: एक देऊळ, एक शाळा, एक वाचनालय, एक वाडा. त्यातल्या कुठल्या उद्या जळतील वा भिजतील हे आपल्या हाती नाही. त्या रात्रीनंतर त्यांच्यावर पहिला पत्रा किती दिवसांत चढेल, हे मात्र आपल्याच हाती आहे.